गयेत सोडलेलं द्राक्ष

बायको गेल्यानंतर माझं जेवण उभ्यानं होऊ लागलं. हे काही मी ठरवून केलं नव्हतं. सुरुवातीला ताट वाढून घेऊन टेबलाशी बसायचो, दोन घास खायचो आणि काहीतरी मनात यायचं: मागचं दार लावलं का, टाकीचा कॉक बंद केला का, लायब्ररीच्या किल्ल्या पिशवीत आहेत का. उठून बघायचो. सगळं जिथल्या तिथे असायचं. परत येऊन बसावं म्हटलं तर बसवायचं नाही. मग ताट हातात घेऊन ओट्याला टेकून उरलेलं संपवायचो, नाहीतर तसंच झाकून ठेवायचो. संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली की तिला ते झाकलेलं ताट दिसायचं.  ताटातलं गाईला घालायची आणि भांडं घासून ठेवायची.

बसणं हे माझं एकमेव कौशल्य होतं. रायपूरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. पुस्तक हातात असलं की चहा समोर गार होई, ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाई, आणि बायको म्हणायची, "या माणसाले खुर्चीसकट उचलून नेलं तरी समजणार नाही." तेच कौशल्य गेलं. घरची पुस्तकं मी विषयवार लावली, मग आकारानं, मग पुन्हा विषयवार. उरला औद्योगिक वसाहतीकडून वारा सुटला की आमच्या खिडक्यांवर कारखान्यांची काळी धूळ बसते. ती दिवसातून तीनदा पुसायला लागलो. रविवारी शहराबाहेर वसत असलेल्या नव्या राजधानीकडे जाणारी बस पकडायचो. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून दोन चौक चालायचं, अजून कोणी राहायला न आलेल्या इमारतींकडे बघायचं आणि त्याच बसनं परत यायचं. कंडक्टरनं एकदा विचारलं, "बाबूजी, उधर प्लाट लिए हो क्या?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार.

मुलगी त्याच नव्या राजधानीत कामाला आहे. व्हायच्या असलेल्या रस्त्यांचे आणि वसाहतींचे नकाशे ती करते. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिंदीत उत्तर देते. आमच्या पिढीच्या बऱ्याच घरांत असंच आहे. तिची आई असताना घरात मराठीचं पारडं जड होतं, आता बरोबरी झाली आहे.

माघातल्या एका संध्याकाळी तिनं एक छापील कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर डोंगराचं चित्र होतं, वेलींच्या रांगा होत्या आणि वर लिहिलं होतं की खवय्यांसाठी दोन दिवस, द्राक्षमळ्यांत मुक्काम, वाइन आणि सात पदार्थांचं जेवण.

"नाशिक," ती म्हणाली. "शुक्रवार शाम को ट्रेन, सोमवार को वापस. मैंने बुक कर दिया है."

"काहून?"

"खाने के लिए."

"खायले इतक्या दूर? आपण इथं काय उपाशी आहो?"

"आप उपाशी ही हो, बाबा." हा शब्द तिनं मराठीतच उचलला. "मुझे आपके साथ एक खाना चाहिए. एक. शुरू से आखिर तक, बैठकर. वहाँ सात कोर्स होते हैं, दो घंटे लगते हैं. आप उठकर जाओगे कहाँ? किचन भी उनका, दरवाज़ा भी उनका."

तिच्या आवाजात थट्टा होती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाची घडी नीट करत होती. मी बरं म्हणालो. तिला जी गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती ती मी सांगितली नाही. ती गोष्ट अशी की द्राक्ष मी खात नाही. मी द्राक्ष गयेत सोडलं होतं.

आमच्याकडे वर्षश्राद्ध झालं की गयेला जाण्याची पद्धत आहे. तिथं पिंडदान आटोपलं की अक्षयवटाखाली पंडा, म्हणजे तिथला पुरोहित, तुमच्या हातावर पाणी घालतो आणि सांगतो, एक फळ सोडा, एक भाजी सोडा. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दोन गोष्टी उरल्या जन्मात खायच्या नाहीत. सोडायची ती आवडीची वस्तू, असा त्यामागचा विचार आहे. माणसं काय करतात हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. माझी ताई अभनपूरला दिली आहे, धान्याच्या व्यापारातलं घर आहे. तीच माझ्यासोबत गयेला आली होती. तिनं आपल्या सासऱ्यांच्या वेळी पडवळ आणि कवठ सोडलं. पडवळाचा तिला वास सहन होत नाही आणि कवठानं तिचे दात आंबतात. गाडीत तिनं मलाही तयार करून ठेवलं होतं.

"भाजीत ढेमसं सांग," ती म्हणाली. "फळात कवठ. त्या पंड्याले काय माहीत, तू कवठ खाते का नाही खात."

भाजीत मी ढेमसंच सांगितलं. पंडा म्हणाला, "और फल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "अंगूर." ताईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. पण पाणी हातावर पडलं होतं, बोटांतून खाली गळत होतं, आणि पंडा पुढच्या माणसाकडे वळला होता.

त्याचं कारण मी ताईलाही सांगितलं नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हा श्रावण चालू होता. शेवटच्या आठवड्यात तिनं काही मागणं सोडूनच दिलं होतं. पाणीसुद्धा आपण विचारलं तर घ्यायची. एका दुपारी मी खाटेशेजारी वाचत बसलो होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "द्राक्षं भेटतीन का हो कुठी?" द्राक्षं तिला फार आवडत असंही नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि निघालो. गोल बाजारातल्या एकूण एक गाडीवर विचारलं. मग तिथून बाहेर पडून जिथं फळवाला दिसेल तिथं. एक जण हसून म्हणाला, "सावन में अंगूर, साहब?" तीन तास मी पावसात फिरलो आणि सफरचंदं घेऊन परतलो. ती झोपली होती. मुलगी शेजारी बसून होती, तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. पुढे चार दिवसांत सगळं संपलं. तिनं पुन्हा द्राक्षांचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

तर गयेत पंड्यानं विचारलं तेव्हा मला एवढंच सुचलं, की जे तिला मिळालं नाही ते आता मलाही नको. आवडीचं किंवा नावडीचं हा प्रश्नच नव्हता. तिनं मागितलं आणि मी आणू शकलो नाही, याची मला कुठेतरी नोंद हवी होती. मुलीला हे सांगायचं तर ते मागणं सांगावं लागलं असतं, ते रिकामे तीन तास सांगावे लागले असते. म्हणून ते राहून गेलं.

जाण्याआधीच्या आठवड्यात मी कॉलेजच्या लायब्ररीत धर्मनिर्णयाचं एक जाड पुस्तक काढून बघितलं. फळ सोडलं तर त्याचा रस चालतो का? आंबवलेला रस? वाळलेलं फळ? त्यात दुधाचा निर्णय होता, उसाचा होता. द्राक्षाविषयी लिहिणाऱ्याला कधी शंका आलेली दिसली नाही. व्रत घेऊन पाच महिने झाले होते आणि ते पाळायचा एकही प्रसंग अजून आला नव्हता, कारण रायपुरात द्राक्षं नुकतीच कुठे यायला लागली होती. पहिलाच प्रसंग आणि तो असा.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी निघाली. जाताना मी डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चाललो कोण जाणे. शेवटी एका प्रवाशानं विचारलं, "किसी को ढूँढ रहे हैं क्या?" मुलीनं वरच्या बर्थवरून खाली न बघता उत्तर दिलं, "नहीं, घूम रहे हैं."

नाशिकच्या बाहेर टेकडीच्या उतारावर ती जागा होती. खाली धरणाचं पाणी, वर वेलींच्या सरळ रांगा, आणि रांगांच्या टोकाला प्रत्येक ठिकाणी एक गुलाबाचं झाड. आम्हाला सगळं दाखवायला एक तरुणी होती, तिथल्याच गावातली, घरची द्राक्षबाग असलेली. तिनं सांगितलं की रोग आला तर तो आधी गुलाबावर दिसतो, म्हणून पूर्वी सगळीकडे गुलाब लावत. आता फवारणीचं वेळापत्रक असतं, गुलाब उरलेत पाहुण्यांना फोटो काढायला. ती भराभर आणि मोकळं बोलायची. मला काका म्हणायची.

शनिवारी पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. आमच्या टेबलावर पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या.

"रायपूर म्हणजे छत्तीसगडचं?" गृहस्थांनी विचारलं.

"हो."

"आणि मूळचे?"

"रायपूरचेच."

"नाही, ते झालं. पण मूळचे?"

"आजोबा वर्ध्याहून आले. रेल्वेत होते."

"तरीच." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "मराठी छान टिकवलीय हो तुम्ही."

"टिकवली वगैरे नाही," मी म्हणालो. "बोलतो."

"ये बोलते हैं, मैं समझती हूँ," माझी मुलगी म्हणाली. "हमारे घर में बँटवारा हो गया है." पुण्याच्या बाई मनापासून हसल्या. मुलगी खुशीत होती. तिनं केस मोकळे सोडले होते आणि ताटात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव ती वाचून दाखवत होती.

पहिल्यांदा आलं सॅलड, त्यात चिरलेली हिरवी द्राक्षं. मी पानं तेवढी खाल्ली. मग पावाबरोबर द्राक्षाची चटणी. मग कोंबडी, वाइनमध्ये शिजवलेली. ग्लासात दोन बोटं फिकट पिवळी वाइन होतीच. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तेव्हा तिचं काही वाटलं नाही. पण समोर येईल त्यात ते फळ निघत होतं आणि मी चोरासारखा ते बाजूला सारत होतो. मुलीच्या लक्षात येऊ नये म्हणून चटणी पावाच्या तुकड्याखाली दडपली.  खोलीचं दार लावलं का, हे आठवायला लागलं.

"जरा पाय मोकळे करून येतो," मी म्हणालो.

"बाबा."

"आलोच."

बाहेर जाऊन खोलीचं दार पाहिलं. लावलेलं होतं. मग वेलींच्या कडेनं फाटकापर्यंत गेलो, फाटकापासून परत आलो, पुन्हा फाटकाकडे गेलो. आत आलो तेव्हा पुण्याचं जोडपं उठून गेलं होतं. मुलगी एकटी बसली होती. माझ्या जागेवर चमचा आणि रुमाल तिनं सरळ करून ठेवले होते.

"कोई बात नहीं," ती म्हणाली. "असली वाला तो कल है. सात कोर्स."

तिनं रागावायला हवं होतं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी ती झोपली तेव्हा मी ताईला फोन लावला.

"काय झालं? पोट्टी बरी आहे ना?"

"बरी आहे. नाशिकले आलो आम्ही."

"हव, सांगत होती ती. काय करून राहिला तिथं?"

"द्राक्षाचं गाव आहे, ताई. जेवणात द्राक्षं, पिण्यात द्राक्षं. भिंतीवर फोटो आहे तोही द्राक्षाचाच."

 मग ती हसायला लागली.

"काहून हसून राहिली?"

"अरे, मी तुले तेव्हाच म्हटलं होतं, कवठ सोड म्हणून. कवठाच्या गावाले कोणी सहलीले नेत नाही."

मी तिला किसमिसचं विचारलं. ती चालते म्हणाली. वाळल्यावर फळ कुठे राहतं. तिच्या सासूबाईंनी आंबा सोडला होता, पण आमचूर खायच्या, पन्हं प्यायच्या, लोणचं तर बरण्या भरून. सोडला तो पिकलेला आंबा, असं त्यांचं म्हणणं.

"आणि वाइन?"

"ते मले नको विचारू बापा. त्याच्यासाठी वरती जाऊन विचारा लागते." मग तिचा आवाज बदलला. "पोरीले सांगितलं का तू?"

"नाही."

"काहून नाही? तिनं एवढं केलं, आणि तू तिच्यासमोर ताट चिवडून राहिला असशीन. ते पोट्टी काय समजत असन, माझ्यासंग बसवत नाही याले?"

मी फोन ठेवला. हे माझ्या मनात आलंच नव्हतं. दीड वर्ष मी समजत होतो की माझी बेचैनी माझ्यापुरती आहे. समोरच्या खुर्चीवर रोज कोण एकटं उरतं, याचा मी विचार केला नव्हता.

रविवारी सकाळी त्या तरुणीनं आम्हाला बागेत नेलं. तोडणी सुरू होती. बाया पाट्या घेऊन रांगांमधून पुढे सरकत होत्या, कात्रीचा आवाज तेवढा येत होता. ही वाइनची द्राक्षं काळी, लहान, दाट घोसांची. ती म्हणाली की खाण्याच्या द्राक्षात आणि यांत फरक आहे. साल जाड, बी मोठी. तोडायची वेळ झाली की नाही हे बी चावून बघायचं. बी हिरवी असली तर थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली तर कात्री घ्यायची.

"बघा काका," ती म्हणाली आणि एका घोसातली पाच-सहा द्राक्षं तोडून माझ्या तळहातावर ठेवली.

ती गरम होती. एका बाजूनं ऊन लागलेलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, पुण्याचे गृहस्थ बी चावून मान डोलावत होते. नको म्हणायची वेळ निघून गेली होती. त्या तरुणीनं दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं, सगळे वळले, आणि मी ती द्राक्षं शर्टाच्या खिशात टाकली. टाकून द्यायला कुठे जागा दिसेना. पायाखाली टाकून तुडवायला जीव होईना. पुढे वाइनच्या टाक्या बघायला गेलो, मोठमोठी लाकडी पिंपं बघितली, एका ठिकाणी वाकून आत डोकावलो. खिशातलं मी विसरून गेलो.

दुपारच्या जेवणाला लांब टेबल मांडलं होतं, पण आम्हाला दोघांना कडेला वेगळी जागा मिळाली. ती मुलीनं मागून घेतली असावी. छापील यादी समोर होती, सात ओळी. मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी उठायचं नाही. दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना अडकवून बसलो. पहिल्या वाटीत दुधी भोपळ्याचं सूप होतं, ते मी सगळं प्यायलो. मुलीनं ते पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही. दुसरी बशी आली. मुलगी काहीतरी सांगायला वर बघते तो तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, ये क्या है? खून है?"

पांढऱ्या शर्टाच्या खिशावर, बरोबर छातीवर, तळहाताएवढा काळसर लाल डाग पसरला होता. ती खुर्ची मागे ढकलून उठलीच.

"काही नाही. बस. द्राक्षं आहेत."

"अंगूर? जेब में काहून?"

आसपासचे लोक बघायला लागले होते. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि सांगितलं. गयेचं झाड, पंडा, हातावरचं पाणी. मग त्याच्या मागचंही सांगितलं: श्रावणातली ती दुपार, तिच्या आईचं मागणं, गोल बाजार, सफरचंदं. कधी नव्हे ते सलग बोललो. बोलताना मी बशीतल्या मशरूमकडे बघत होतो. 

माझं संपल्यावर तिनं हातातला काटा बशीत ठेवला.

"आई को अंगूर मिले थे, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

"उसी दिन. आप निकले और आई ने मुझे फोन किया. बोली, तुझे बाबा द्राक्षं शोधायला गेले, त्यांना काही भेटत नाहीत, तू बघ." आईचं बोलणं ती मराठीतच सांगत होती, अडखळत, जसं लक्षात राहिलं होतं तसं. "मैं मॉल गई. वहाँ बाहर वाले मिलते हैं, डिब्बे में. लाल वाले. आपके आने से पहले मैंने खिला दिए."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"उसी ने मना किया था. बोली, बाबांना सांगू नको, ते ओले होऊन येऊन राहिले असतीन. फिर आप आए, जूते में पानी भरा था, हाथ में सफरचंद. मैं क्या बोलती?"

"त्या दिवशी नाही तर नंतर. दीड वर्ष होतं."

"आपने कभी बात की उसके बारे में? मैं नाम लेती हूँ तो आप उठ जाते हो."

ते खरं होतं. तरी मला राग आला. कोणावर ते नक्की सांगता येणार नाही. बायकोला द्राक्षं मिळाली होती, तिनं खाल्ली होती, हे ऐकून छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं, की तिच्यासाठी मी केलेली एकुलती एक गोष्ट कोणीतरी काढून घेतली. गयेत पाणी सोडलं ते कशाच्या नावानं सोडलं मग? आणि तिनं मला तीन तास फिरू दिलं. माझ्याच्यानं होणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तरीही मी निघताना तिनं थांबवलं नाही. पाय खुर्चीतून सुटले. आता मी उठणार होतो.

पण त्याच वेळी दुसरं काहीतरी मनात आलं. ती गेल्यावर तिच्याबद्दल मला कळलेली ही पहिली नवी गोष्ट होती. दीड वर्ष मी तिचं तेच ते आठवत होतो, आणि आठवून आठवून ते झिजत चाललं होतं. आता माझ्याजवळ नसलेलं असं काहीतरी मुलीजवळ होतं. उठलो असतो तर ते तसंच राहिलं असतं.

"किती खाल्ली?" मी विचारलं.

"चार." ती थांबली. "नहीं, पाँच. पाँचवाँ आधा."

"काही म्हणाली?"

"बोली, हे तं निरं पाणी आहे." मुलगी हसली आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "दो सौ किलोमीटर दूर से भी आई की आवाज़ पहचान लो, ऐसे बोली. इतने महँगे अंगूर, और निरं पाणी."

"तू येईपर्यंत तिच्यापाशी कोण होतं?"

"बगल की खाट वाली दीदी थी. वो भी दो खा गई."

मी विचारत गेलो. डबा कसला होता? बसून खाल्ली की आडवं पडून? नंतर पाणी मागितलं का? तिला जे आठवत होतं ते ती सांगत होती, जे आठवत नव्हतं तिथे "पता नहीं" म्हणत होती, आणि थोड्या वेळानं "रुको, रुको, याद आया" असंही. मधे बशा येत होत्या, जात होत्या. बाग दाखवणारी तरुणी एकदा टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या कानावर काहीतरी गेलं असावं. तिनं मला हळूच सांगितलं, "काका, या भाताच्या डिशमध्ये द्राक्ष नाहीये, वाइनही नाही. मी आत विचारून आले." मी भात खाल्ला. मासा होता त्यात वाइन होती, तो मुलीच्या बशीत सरकवला आणि तिच्या बशीतली भाजी माझ्याकडे घेतली. आम्ही दोघांनी हे न बोलता केलं.

शेवटच्या बशीत चीज होतं आणि धुतलेल्या द्राक्षांचा एक लहान घोस. मुलीनं बशी आमच्या दोघांच्या मधोमध ठेवली.

"अब तो खा सकते हो," ती म्हणाली. "उसे मिल गए थे. अब तो वजह ही नहीं बची."

"वजह नाही. पण पाणी तर सोडलं ना."

"तो ज़िंदगी भर नहीं खाओगे?"

"नाही."

"बिना वजह?"

"हो. तू खा."

तिनं वाद घातला नाही. एकेक तोडून खायला लागली, बिया बशीच्या कडेला काढून ठेवत. पुण्याचं जोडपं जाताना हात हलवून गेलं. लांब टेबलावरची फडकी, ग्लास उचलले जात होते. गाडीला अजून वेळ होता.

"तिनं द्राक्ष कोणत्या हातानं घेतलं?" मी विचारलं.

मुलगी हातातलं द्राक्ष तसंच धरून थांबली. आठवत राहिली.

"डाव्या," ती म्हणाली. "राइट में सुई लगी थी. मैं मुँह में देने लगी, तो बोली, मले धरता येते."

"मग?"